माळवा नेमका कुठे संपतो, आणि माळव्याचं कोण?

मध्य प्रदेशच्या निवडणुकीच्या बातम्यांत ‘मालवा-निमाड’ हा जोडशब्द सारखा कानावर पडतो. इंदूर आणि उज्जैन हे दोन महसुली विभाग, १५ जिल्हे, विधानसभेच्या ६६ जागा. हिशेबापुरतं ते सोयीचं आहे. पण खरगोनच्या माणसाला ‘तुम्ही माळव्याचे ना?’ असं विचारा, तो लगेच ‘आम्ही निमाडी’ म्हणेल. मंदसौरचा माणूस माळव्याचं नाव सहज घेईल, नीमचचा मेवाडही जोडीला सांगेल. झाबुआच्या भिल्ल घरात ही दोन्ही नावं परकी वाटतील आणि बुऱ्हाणपुरात खानदेशाचा विषय निघेल. हे सगळे त्याच १५ जिल्ह्यांतले लोक आहेत.

इंदूरच्या मराठी घरात हा प्रश्न आणखी एका अंगानं येतो. पुण्याचे नातेवाईक आपल्याला ‘बृहन्महाराष्ट्रातले’ म्हणतात, इथले शेजारी ‘मराठी लोग’ म्हणतात. मग आपण कुठले?

उत्तर मिळत नाही याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. आपण नकाशावर एक रेघ शोधत बसतो. प्रदेशाला एक रेघ नसते. पाण्याची रेघ वेगळी, मातीची वेगळी, बोलीची, राज्याची, स्वयंपाकाची, पंचांगाची आणि सोयरिकीची वेगळी. काही ठिकाणी या रेघा पाच-दहा किलोमीटरांत एकावर एक येतात, तिथे सीमा पक्की असते आणि शाळकरी मुलालाही ती दाखवता येते. काही ठिकाणी त्या एकमेकींपासून शंभर किलोमीटर दूर पसरतात. तिथे सीमा म्हणजे रुंद पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यातला माणूस दोन्हीकडचा असू शकतो. माळव्याला हे दोन्ही प्रकार आहेत, म्हणून समजून घ्यायला माळवा फार चांगला.

दक्षिणेची बाजू: इथे शंका नाही

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. आग्रा-मुंबई रस्त्यानं महू सोडून मानपूरच्या पुढे गेलं की विंध्याचा कडा लागतो. घाट उतरून गुजरीला पोचेपर्यंत हवा बदललेली असते. महेश्वर नर्मदेकाठी, दीडशे-पावणेदोनशे मीटरांच्या आसपास. म्हणजे दोन-अडीच तासांच्या प्रवासात आपण जवळजवळ चारशे मीटर खाली येतो. ‘शब-ए-मालवा’ म्हणून माळव्याच्या थंड रात्रींचं जे कौतुक झालं, ते या उंचीमुळे. खाली खरगोनला मे महिन्यात तशी रात्र मिळत नाही.

पाण्याची परीक्षा सगळ्यात सोपी. पाऊस पडल्यावर गावाचा ओढा कुठे जातो ते बघा. महूजवळचा जानापाव डोंगर सुमारे साडेआठशे मीटर उंच आहे. त्याच्या एका अंगाला चंबळ आणि गंभीर उगम पावतात आणि उत्तरेला जातात. चंबळ इटाव्याच्या बाजूला यमुनेला मिळते. दुसऱ्या अंगाची चोरल दक्षिणेला वळते आणि नर्मदेत जाते. एकाच डोंगरावरचं पाणी एका उतारावरून बंगालच्या उपसागराला आणि दुसऱ्या उतारावरून खंबातच्या आखाताला. क्षिप्रा, काली सिंध, पार्वती, बेतवा या सगळ्या उत्तरवाहिनी नद्या. नदी उत्तरेला जाते तो माळवा, नर्मदेला मिळते तो माळवा नाही, हा नियम दक्षिणेच्या बाजूला जवळजवळ चुकत नाही.

इंदूर शहर मात्र या नियमाला माणसाच्या हातानं छेद देतं. शहराची कान्ह नदी क्षिप्रेला मिळते, म्हणजे सांडपाणी उत्तरेला जातं. नळाचं पाणी मात्र १९७८ पासून नर्मदेचं आहे. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवून आणलं जातं. इंदूर निमाडचं पाणी पितं. निमाडची शेती, निमाडचे बांध आणि निमाडची नदी यांचं इंदूरवर केवढं ऋण आहे, हे इंदूरकरांनी मोकळेपणानं म्हटलं पाहिजे.

या कड्यावर पाण्याबरोबर बाकीच्या रेघाही येऊन मिळतात. वर गहू, सोयाबीन, हरभरा, लसूण. खाली कापूस, मिरची, ज्वारी. वर ‘घर में’ तसं खाली ‘घर मऽ’, आणि ‘है’च्या जागी ‘छे’. खाली संत सिंगाजींची भजनं आणि गणगौरीचा मोठा उत्सव. वर कबीराची निर्गुणी भजनं, उज्जैनचं माच हे लोकनाट्य, आणि पितृपक्षात मुलींनी शेणानं भिंतीवर मांडलेली संजा. गणगौर वरही होते आणि कबीर खालीही गातात, पण भर कशावर आहे ते ऐकणाऱ्याला कळतं.

इथे सगळ्यात मोठी चूक होते ती जिल्हा धरून बोलण्याची. धार जिल्हा घ्या. धार शहर, बदनावर माळव्याच्या पठारावर आहेत. त्याच जिल्ह्यातली धरमपुरी, मनावर, कुक्षी कड्याखाली, निमाडात. मांडू अगदी कड्यावर बसलेलं, तिथून खाली निमाडचं मैदान दिसतं. देवास जिल्ह्यातही तेच: देवास, सोनकच्छ वर आणि कन्नौद, खातेगाव, नेमावर नर्मदेच्या खोऱ्यात. ‘धार जिल्हा माळव्यात येतो’ हे वाक्य म्हणून अर्धंच खरं. तहसील आणि शक्य असेल तर गाव विचारावं.

बाकीच्या तीन बाजू

पूर्वेला असा कडा नाही. इंदूरहून देवास, सोनकच्छ, आष्टा, सीहोर करत भोपाळला जा, काळी माती आणि गव्हाची शेतं सोबत राहतात. बदलतो तो दगड. माळव्याखाली लाव्हाचा काळा बसाल्ट आहे, तोच दगड सह्याद्रीत आहे. भोपाळच्या पुढे वालुकाश्म वर येऊ लागतो. सांचीचा स्तूप जवळच्या टेकडीच्या वालुकाश्माचा आहे, भीमबेटकाच्या गुहाही वालुकाश्मातल्या. बोली त्याच्याही आधीपासून हळूहळू बुंदेलीकडे झुकते. पार्वती ओलांडली की फरक ऐकू यायला लागतो आणि विदिशाच्या पलीकडे तो पूर्ण होतो. या पट्ट्याची रुंदी शंभर किलोमीटरांच्या पुढे जाते. हा संशय आजचा नाही. क्षत्रप राजा रुद्रदामनाच्या इसवी सन १५० च्या जुनागढ लेखात ‘आकर’ आणि ‘अवंती’ ही नावं जोडून, पूर्व आणि पश्चिम अशी येतात. पूर्वेचा विदिशाकडचा भाग आकर, पश्चिमेचा उज्जैनचा अवंती. पूर्व माळवा आणि पश्चिम माळवा ही दोन वेगळी आहेत की एकाचेच दोन भाग, हा प्रश्न अठराशे वर्षांहून जुना आहे.

उत्तरेला राजस्थानची राज्यसीमा आडवी येते आणि फसवते. प्रतापगड आणि झालावाड जिल्ह्यांच्या काही भागांत तीच काळी माती, तीच मालवी बोली. राज्य वेगळं म्हणून त्यांना वगळण्याचं कारण नाही. उलट नीमच मध्य प्रदेशात असूनही जुन्या काळी मेवाडचं होतं, अठराव्या शतकात ते शिंद्यांकडे आलं. तिथे मेवाडी वळण बोलण्यात राहिलं आहे.

पश्चिमेला झाबुआ आणि अलिराजपूर. इथे डोंगर सुरू होतात, भिली आणि भिलाली बोलल्या जातात, होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट भरतात. विभागाचं कार्यालय इंदूरला आहे एवढ्यावरून या प्रदेशाला माळवा म्हणणं योग्य नाही. तो भिल्लांचा प्रदेश आहे. त्याचं नाव त्यांनी सांगायचं, इंदूरनं नाही.

राज्यांच्या नकाशावर विसंबू नका

इतिहास वाचणाऱ्याची फसगत इथे होते. ‘माळवा’ नाव असलेली राज्यं आणि सुभे होऊन गेले म्हणून त्यांचा नकाशा उघडावा, तर प्रत्येक वेळी वेगळाच माळवा समोर येतो.

अकबराच्या माळवा सुभ्यात १२ सरकारं, म्हणजे जिल्ह्यासारखे भाग, होती. त्यांत उज्जैन, सारंगपूर, मांडू, मंदसौर होतीच, पण चंदेरी होतं, जबलपूरच्या बाजूचं गढा होतं आणि नंदुरबारही होतं. आज महाराष्ट्राचा जिल्हा असलेलं नंदुरबार त्या काळी कागदावर माळव्यात. यावरून नंदुरबारची बोली किंवा चालरीत कधी माळवी होती असं म्हणता येणार नाही. सुभा हा वसुलीचा आणि फौजेचा हिशेब होता.

मराठी राज्यांनी हा गुंता वाढवला. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी अप्पांच्या फौजेनं मुघल सुभेदार गिरधर बहादूरचा पराभव केला, तो मारला गेला. पुढे १७३८ साली दुराहा सराईच्या तहात निजामानं माळव्यावरचा मराठ्यांचा हक्क मान्य केला. मुलूख होळकर, शिंदे आणि पवार यांच्यात वाटला गेला, पण अखंड तुकड्यांत नव्हे. होळकरांचं इंदूर, महिदपूर, रामपुरा-भानपुरा, खाली निमाडातलं खरगोन, आणि दूर भिंडच्या बाजूला आलमपूर, जिथे मल्हाररावांची छत्री आहे. शिंद्यांची गादी ग्वाल्हेरला, जो माळवा नाहीच, पण उज्जैन, शाजापूर, मंदसौर त्यांच्याकडे. देवासला तर एकाच गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर, म्हणजे निमाडात. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई हरल्यावर, १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर, राजधानी इंदूरला आली. तेव्हा ‘होळकरांचं राज्य म्हणजे माळवा’ हे समीकरण दोन्ही बाजूंनी तुटतं: बराच माळवा होळकरांचा नव्हता आणि होळकरांचं बरंच काही माळव्यात नव्हतं.

१९४८ साली संस्थानं एकत्र आली त्या संघाचं अधिकृत नावच ‘ग्वाल्हेर, इंदूर आणि माळवा संयुक्त राज्य (मध्य भारत)’ असं होतं. त्या नावात इंदूर आणि माळवा वेगळे मोजले आहेत, कारण तिथे इंदूर म्हणजे संस्थान, शहर नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य भारत नव्या मध्य प्रदेशात विरून गेला. त्यानंतर माळवा नावाची वेगळी राज्यव्यवस्था उरली नाही, आगर-मालवासारख्या जिल्ह्याच्या नावात ते तेवढं उरलं. पंजाबातही सतलजच्या दक्षिणेला एक मालवा आहे. दोन्ही नावांमागे मालव गण, म्हणजे मालव नावाचे प्राचीन लोक, आहे. इंटरनेटवर शोधताना लोककथा, गाणी, पाककृती यांची सरमिसळ होते, तेवढं जपावं.

एका गावाचा निकाल कसा लावावा

समजा गाव सीमेच्या पट्ट्यातलं आहे. आधी ओढ्याची दिशा आणि माती बघा, त्याला दहा मिनिटं लागतात. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचं बोलणं ऐका. तरुणांचं ऐकून उपयोग नाही, ते तुमच्याशी हिंदीत बोलतील. पुरुष नोकरी-बाजारामुळे पाहुण्यासमोर बोली सोडतात. बाई दुसऱ्या गावाहून लग्न होऊन आलेली असेल तर तिचं माहेर विचारा, नाहीतर तिच्या माहेरची बोली तुम्ही या गावाच्या नावावर लिहाल. ही चूक फार वेळा होते.

त्यानंतर आठवड्याचा हाट कुठला आणि लग्नं कुठे जुळतात हे विचारा. आमच्या मते हीच खरी कसोटी. माती-पाणी माणसाला मिळतं, पण मुलगी कुठे द्यायची ते माणूस ठरवतो. मागच्या दोन पिढ्यांतल्या वीस-पंचवीस सोयरिकी कागदावर मांडल्या की गावाचं तोंड कुठे आहे ते कळतं. जातीजातींचं चित्र वेगळं निघेल, तेव्हा एकाच समाजाला विचारून थांबू नका. एकाच गावातल्या एका समाजाच्या सोयरिकी उज्जैनकडे आणि दुसऱ्याच्या खरगोनकडे असू शकतात, आणि दोन्ही उत्तरं बरोबर असतात.

स्वयंपाकघरही साक्ष देतं, पण सणाचा पदार्थ विचारावा, रोजचा आता सगळीकडे सारखा झाला आहे. राजस्थानात बाटी थेट निखाऱ्यावर भाजतात. माळव्यात बाफला आधी उकडतात. जाड दळलेल्या गव्हाच्या चार वाट्यांना मक्याची एक वाटी, ओवा, हळद, मीठ, तुपाचं मोहन, घट्ट मळून गोळे करायचे आणि खळखळत्या पाण्यात सोडायचे. पाणी नुसतं गरम असेल तर गोळे विरघळतात. पंधरा-वीस मिनिटांत ते वर तरंगले की काढून कापडावर कोरडे करायचे आणि गोवऱ्यांच्या आचेवर भाजायचे. कोरडे न करता भाजले तर आत चिकट राहतात. मग फोडून तुपात. उकडण्याची ही एक पायरी मेवाडच्या बाजूला गळत जाते. निमाडात उतरलं की पानात ज्वारीची भाकरी आणि अमाडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी मानानं येते.

आणि शेवटी माणसालाच विचारावं. मात्र ‘तुम्ही माळव्याचे का?’ असं नव्हे, कारण होकार देणं सोपं असतं. ‘निमाड कुठून सुरू होतो?’ असं विचारावं. आपली सीमा माणूस शेजाऱ्याचं नाव घेऊनच नीट सांगतो.

मग मराठी माणूस?

हेच निकष मराठी घरांना लावून बघा. मूळ गाव हा निकष आपण कुणालाच लावला नाही. तो लावायचा तर मालव गणही पंजाबाकडूनच इकडे आला. आणि मराठी म्हणजे फक्त इंदूरच्या राजवाड्यामागचे ब्राह्मणांचे वाडे नव्हेत. धनगर, मराठा, शिंपी, कोष्टी, कितीतरी समाज आले, काही फौजेबरोबर, काही दरबार इंदूरला आल्यावर, काही रेल्वे आणि गिरण्यांच्या काळात. सगळ्यांना एकच तारीख लावता येत नाही.

सोयरिकीची रेघ इंदूर, उज्जैन, देवास, ग्वाल्हेर करत पुणे-नागपूर-बडोद्यापर्यंत जाते. म्हणजे या कसोटीवर मराठी घरं अर्धी इथली, अर्धी तिकडची. बोलीत ‘काय करून राहिलास?’ हे नागपूरशी जुळतं आणि हिंदीशीही.

सगळ्यात ठळक रेघ पंचांगाची आहे. इथल्या शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणून त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. वटसावित्री शेजारीण ज्येष्ठ अमावास्येला करते, मराठी घरातली सून त्यानंतर पंधरा दिवसांनी पौर्णिमेला. एकाच गल्लीतल्या एकाच वडाला दोनदा सूत गुंडाळलं जातं. उज्जैनला महाकालाची सवारी मात्र दोन्ही हिशेब सांभाळते. ती श्रावणाच्या सोमवारी सुरू होते आणि भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यातही निघते. उत्तरेकडचा तो भाद्रपदाचा वद्य पक्ष म्हणजेच मराठी श्रावणाचा उत्तरार्ध. मराठी श्रावण संपेपर्यंत महाकाल सवारीला निघतात. ज्या देवळाची अठराव्या शतकातली पुनर्बांधणी राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबांनी केली, त्याचा उत्सव आज उज्जैनच्या प्रत्येक घराचा आहे. इथे मराठी काय आणि माळवी काय, हे वेगळं काढायला जाऊ नये.

साहित्याचंही तसंच. मराठी साहित्य संमेलन १९१७ साली इंदूरला भरलं, हिंदी साहित्य संमेलन १९१८ साली, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली. १९३५ साली दोन्ही संमेलनं इंदूरला झाली. श्योपुरात जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे मोठे कवी झाले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीचे. घर एकच होतं. बेळगावाकडून आलेले कुमार गंधर्व १९४८ पासून देवासला राहिले, माळव्याची लोकगीतं त्यांनी गोळा केली, त्यांच्या धुनांतून राग बांधले. माळव्यात जन्मलेल्या किती जणांनी माळव्यासाठी एवढं केलं? जन्मगाव पाहून त्यांना बाहेरचं ठरवणारा निकषच आम्हाला चुकीचा वाटतो.

अडचण उलट्या बाजूनं आहे. मराठी घरांनी मराठी जपली, पण मालवी शिकणं पुष्कळांनी सोडलं आणि शहरात शेजाऱ्यांनीही सोडलं. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०८ च्या खंडात मालवी राजस्थानी गटात आहे, आजच्या जनगणनेत ती हिंदीच्या पोटात मोजली जाते. मालवी मातृभाषा सांगणारे २००१ साली सुमारे ५६ लाख होते, २०११ साली सुमारे ५२ लाख. त्या दहा वर्षांत लोकसंख्या वाढली, आकडा घटला. त्याचं एक कारण असं की घरात मालवी बोलणारे प्रगणकाला ‘हिंदी’ सांगून मोकळे होतात.

म्हणून प्रगणक दारात आला की दोन गोष्टी माहीत असाव्यात. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती. लिपी, शिक्षण किंवा जात यांचा तिच्याशी संबंध नाही. तुम्ही जे नाव सांगाल तेच प्रगणकानं लिहायचं असतं, गट पाडण्याचं काम नंतर कार्यालयात होतं. तेव्हा ‘मालवी’ म्हटलं आणि त्यानं ‘हिंदी’ लिहिलं तर दुरुस्त करायला सांगा. दुसरं, २०११ च्या तक्त्यात मातृभाषेखेरीज येत असलेल्या आणखी दोन भाषांसाठी जागा होती. मराठी घरांनी मातृभाषा मराठी सांगावी, आणि मालवी खरोखर येत असेल तर हिंदीच्या जोडीला तिचंही नाव सांगावं.